रीत दाखवा

तुम्ही राहता त्या इमारतीचं वय पंचवीस वर्षांच्या आत असेल, तर तिच्या गणिताचा काही ना काही भाग एक्सेलमध्ये झालेला असण्याची शक्यता दांडगी आहे. सबंध सांगाड्याचं विश्लेषण ईटॅब्स किंवा स्टॅड-प्रो असल्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. पण फुटिंग, जिना, गॅलरी, पाण्याची टाकी, आवाराची रिटेनिंग वॉल ही किरकोळ वाटणारी कामं आरसीसी कन्सल्टंटच्या ऑफिसातल्या 'शीट'वर होतात. ज्या चौकटीत सोसायटी गणपतीच्या वर्गणीचा आणि उन्हाळ्यातल्या टँकरचा हिशोब मांडते, त्याच चौकटीत तुमच्या डोक्यावरच्या टाकीला किती सळई लागणार ते ठरतं.

यात मला काहीही गैर वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लेखाचा रोख एक्सेलवर आहे असं समजून माझ्या पेशातले अर्धे लोक टाळ्या वाजवायला उभे राहतील. त्यांनी बसून घ्यावं. रोख त्यांच्यावरही आहे.

मी शिकले सिव्हिल इंजिनीअरिंग आणि पोट भरते सॉफ्टवेअरवर. माझ्या पिढीत हा प्रवास इतका सर्रास आहे की त्याचं कौतुकही कुणाला वाटत नाही आणि दुःखही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे टोमणे मला पाठ आहेत. सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं, एक्सेलमध्ये इमारती डिझाइन करणं म्हणजे स्कूटरवरून फ्रिज नेण्यासारखं आहे. सिव्हिलवाल्यांना वाटतं, आमची शीट वीस वर्षं चालते आहे, तुमचं ॲप दर महिन्याला अपडेट मागतं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघंही मूळ दुखण्याला हात लावत नाहीत. दुखणं साधनाचं नाही. गणित लपवणं हे दुखणं आहे.

एक्सेलमध्ये एखाद्या सेलवर उजवं क्लिक करून 'फॉरमॅट सेल्स' उघडा. 'प्रोटेक्शन' या पानावर दोन छोटे चौकोन दिसतील, 'लॉक्ड' आणि 'हिडन'. पहिल्यावर खूण असली आणि शीटला संरक्षण लावलं, की त्या सेलमधलं सूत्र कुणाला बदलता येत नाही. दुसऱ्यावर खूण केली, की ते सूत्र दिसतही नाही. वरच्या पट्टीत नुसती रिकामी जागा दिसते आणि सेलमध्ये फक्त उत्तर. पहिला चौकोन शहाणपणाचा आहे. रात्री नऊ वाजता थकलेल्या ज्युनिअरने सूत्रावरच आकडा टाइप करू नये, म्हणून कुलूप हवंच. दुसरा चौकोन मात्र स्ट्रक्चरल गणितात कुणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी वापरता कामा नये. या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे. बाकीचा मजकूर ते पटवण्यासाठी.

शिकत असताना मी एका कन्सल्टंटच्या ऑफिसात दोन महिने उमेदवारी केली. तिथे फुटिंगची एक शीट होती. भार टाका, जमिनीची क्षमता टाका, काँक्रीटचा ग्रेड टाका, खाली हिरव्या रंगात 'सेफ' उमटतं. लाल 'रिव्हाइज' आलं तर जाडी पन्नास मिलिमीटरने वाढवायची आणि पुन्हा बघायचं. सूत्रं दिसत नव्हती. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता, कारण ज्यांनी शीट बनवली ते कधीच आखातात गेले होते. त्यांच्या हुशारीबद्दल सगळ्यांना आदर होता. शीटमध्ये आत काय आहे असं विचारलं, तर "चालू आहे ना, मग?" हे उत्तर होतं. त्या ऑफिसची निंदा करण्यासाठी हे सांगत नाही. माणसं मन लावून काम करणारी होती. पण रोज त्या हिरव्या अक्षरांवर सही होत होती आणि सही करणाऱ्याला ती अक्षरं कशी आली हे बघण्याची सोय नव्हती.

आपल्याकडे शाळेत गणिताच्या पेपरात उत्तराला गुण कमी आणि रितीला जास्त असतात. नुसतं उत्तर लिहिलं तर बाई लाल शाईने शेजारी लिहितात, 'रीत?' सातवीच्या मुलाने रीत न दाखवता 'एक्स बरोबर १२' लिहिलं तर आपण ते मान्य करत नाही. आणि सात मजली इमारतीच्या फाइलमध्ये रीत न दाखवता 'सेफ' लिहिलं, की त्यावर शिक्के पडतात.

रीत दिसली नाही तर नेमकं काय बिघडतं? तीन उदाहरणं देते. तिन्ही कुणालाही घरी बसून तपासता येतील.

पहिलं. एक्सेलमध्ये वजा दोनचा वर्ग करायला सांगा, म्हणजे बरोबरच्या चिन्हानंतर उणे, दोन, घाताची टोपी, दोन. उत्तर येतं अधिक चार. गणिताच्या वहीत याच मांडणीचं उत्तर वजा चार, पायथनमध्ये वजा चार, आणि गंमत म्हणजे एक्सेलच्याच पोटातल्या व्हीबीएमध्येही वजा चार. सेलमध्ये मात्र सुरुवातीचं उणे चिन्ह घाताच्या आधी लागतं. आता गॅलरी घ्या. भिंतीतून बाहेर आलेल्या गॅलरीत टोकापासून एक्स अंतरावरचा मोमेंट म्हणजे वजा डब्ल्यू एक्स वर्ग भागिले दोन. मीटरला १० किलोन्यूटन भार आणि दीड मीटर गॅलरी धरली, तर वजा ११.२५. हेच सूत्र सेलमध्ये 'वजा डब्ल्यू गुणिले एक्स वर्ग' असं लिहिलं तर उत्तर बरोबर येतं. 'वजा एक्स वर्ग गुणिले डब्ल्यू' असं लिहिलं तर अधिक ११.२५. कागदावर दोन्ही एकच आहेत. सेलमध्ये एकात ताण वर आहे आणि दुसऱ्यात खाली. चिन्हावरून पुढचं सूत्र सळईची जागा ठरवत असेल, तर वर लागणारी सळई खाली जाईल. साईटवरचा फिटर बहुधा विचारेल, "साहेब, गॅलरीची सळई वर असते ना?" तो विचारू शकतो, कारण सळई त्याला डोळ्यांनी दिसते. शीट वापरणारा विचारू शकत नाही, कारण सूत्र त्याच्यापासून लपवलेलं आहे.

दुसरं. भूकंपाची संहिता आयएस १८९३, हिचा पहिला भाग २००२ नंतर २०१६ साली बदलला. त्यात दोनशेपेक्षा जास्त माणसांचा वावर असलेल्या राहत्या आणि व्यापारी इमारतींसाठी इम्पॉर्टन्स फॅक्टर १.२ आला. आधी अशा साध्या इमारतींना १ धरायचे. सात मजले, मजल्यावर आठ फ्लॅट, घरात सरासरी चार माणसं धरली तर २२४ माणसं होतात. म्हणजे पुण्याच्या कुठल्याही उपनगरातली साधी सोसायटी या नियमात बसते. पुणे-मुंबई २०१६च्या नकाशात झोन ३मध्ये, झोनचा गुणांक ०.१६. नीट डिटेलिंग केलेल्या चौकटीसाठी आर ५ आणि या उंचीसाठी एसए बाय जी २.५ धरा. इमारतीचं वजन ५०,००० किलोन्यूटन असेल, तर जुन्या हिशोबाने पायथ्याशी येणारा आडवा जोर २,००० किलोन्यूटन. नव्या हिशोबाने २,४००. ज्या शीटमध्ये तो १ सूत्राच्या आत पुरून टाकलाय, ती शीट आजही तत्परतेने २,००० सांगेल आणि खाली हिरवं 'सेफ' दाखवेल. शीट चुकीची नव्हती. ज्या वर्षी बनली त्या वर्षी ती अचूक होती. जग बदललं, आणि शीटला कुणी सांगू शकलं नाही, कारण सांगायला आत शिरण्याची वाट बंद होती.

तिसरं लहान आहे, पण तेच सगळ्यात बोलकं. एकेरी सळईच्या बीमची कमाल ताकद काढताना ०.१३८ हा आकडा सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असतो. तो एफई ४१५ सळईसाठी आहे. एफई ५०० सळईला तो ०.१३३ होतो. २३० मिलिमीटर रुंद, ४१० मिलिमीटर प्रभावी खोली, एम२० काँक्रीट असा बीम घेतला, तर १०६.७ आणि १०२.८ किलोन्यूटन-मीटर. जेमतेम चार टक्क्यांचा फरक. यासाठी कुणी लेख लिहितं का, असं तुम्ही म्हणाल.

म्हणूनच लिहिते. मोठी चूक ओरडते. किलोन्यूटन-मीटरच्या जागी न्यूटन-मिलिमीटर टाकलं, तर उत्तर दहा लाख पटींनी चुकतं आणि शिपाईसुद्धा हसतो. अंशाऐवजी रेडियनचा गोंधळ झाला, साइन ३० विचारल्यावर एक्सेलने अर्ध्याऐवजी वजा ०.९९ दिलं, की कुणीतरी भुवया उंचावतंच. चार टक्के ओरडत नाहीत, वीस टक्केही ओरडत नाहीत. अशा चुका उत्तराकडे बघून सापडत नाहीत. त्या फक्त रितीकडे बघून सापडतात.

इथे अनुभवी मंडळी हात वर करतात. "अहो, फॅक्टर ऑफ सेफ्टी असतो की! भार दीडपट धरतो, काँक्रीटची ताकद दीडने भागतो, सळईची १.१५ने. चार टक्क्यांनी काय होतंय?" इमारत बहुधा पडणार नाही, हे खरंच आहे. पण ते गुणांक कशासाठी ठेवलेत, हे आयएस ४५६ वाचलेल्या माणसाला ठाऊक असतं. काँक्रीट साईटवर प्रयोगशाळेसारखं बनत नाही म्हणून, आणि घरात माणसं ठरल्यापेक्षा जास्त सामान भरतात म्हणून. ती राखीव शिल्लक वाळूसाठी, पावसासाठी, ठेकेदारासाठी आणि शेजारच्या काकांच्या पुस्तकांच्या कपाटांसाठी आहे. तुमच्या न वाचलेल्या सूत्रासाठी नाही. एकाच पाकिटातून सगळ्यांनी न सांगता पैसे काढले, की ते कधी रिकामं झालं हे कुणालाच कळत नाही.

आता माझ्या पेशातल्या मंडळींकडे वळते. त्यांचं औषध तयार असतं. एक्सेल फेकून द्या, नीट सॉफ्टवेअर लिहा, ढगात ठेवा, लॉगिन द्या. एक्सेलची बदनामी करणारे किस्सेही त्यांच्याकडे भरपूर असतात. २०२० साली इंग्लंडमध्ये कोविडचे जवळपास सोळा हजार रुग्ण मोजणीतून गळले, कारण जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६च ओळी मावतात. अर्थशास्त्रज्ञ राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या २०१०च्या गाजलेल्या निबंधात सरासरी काढताना पाच देश सूत्राच्या बाहेर राहिले होते. किस्से खरे आहेत. पण दुसऱ्या किश्शाचा शेवट कुणी सांगत नाही. ती चूक सापडली, कारण थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ शीट मागितली, त्याला ती मिळाली, आणि त्याने सेलवर क्लिक करून सूत्र वाचलं. चूक एक्सेलमध्ये झाली आणि उघडकीलाही एक्सेलमुळेच आली. हाच हिशोब एखाद्या बंद ॲपमध्ये असता तर?

त्या 'तर'चं उत्तर नॉर्वेत आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइपनर-ए या तेल उत्खननाच्या तराफ्याचा अवाढव्य काँक्रीटचा पाया स्टाव्हँगरजवळच्या फ्योर्डमध्ये चाचणीसाठी खाली उतरवत असताना फुटला आणि बुडाला. माणसं वाचली, नुकसान सुमारे सत्तर कोटी डॉलरचं. हे गणित कुणा होतकरू पोराने स्प्रेडशीटमध्ये केलेलं नव्हतं. ते नास्ट्रान या त्या काळच्या नावाजलेल्या फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्ये झालं होतं. भिंती जिथे एकमेकींना मिळतात तिथली जाळी भरड घेतली गेली आणि तिथला शिअरचा ताण ४७ टक्क्यांनी कमी दाखवला गेला. तिथे सळईही पुरेशी गुंतवलेली नव्हती. अपघातानंतर नीट हिशोब केला, तेव्हा पाया ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर फुटला होता. म्हणजे ज्ञान होतं, साधन होतं. उत्तराकडे संशयाने बघणारी नजर तेवढी कमी पडली.

त्याच्याही आधी, जानेवारी १९७८मध्ये, अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात एका क्रीडागृहाचं पोलादी छत बर्फाखाली कोसळलं. काही तासांपूर्वी खाली हजारो लोक बास्केटबॉल बघत बसले होते. हे छत कॉम्प्युटरच्या मदतीने डिझाइन केलेलं होतं. बांधकाम चालू असतानाच ते हिशोबापेक्षा जवळपास दुप्पट वाकलेलं मोजलं गेलं होतं. तरी कॉम्प्युटरच्या उत्तरावरचा विश्वास ढळला नाही. छत स्वतः सांगत होतं, आणि लोक कागद दाखवून त्याला गप्प करत होते.

तेव्हा सॉफ्टवेअरवाल्यांनो, बंद शीटच्या जागी बंद ॲप आणलंत तर तुम्ही दुसऱ्या चौकोनावरची खूण नुसती मोठी केलीत. वर दर वर्षी वर्गणी लावलीत. एक्सेलचं बलस्थान तुम्ही ओळखलेलंच नाही. साठीचा आरसीसी कन्सल्टंट, ज्याने आयुष्यात एक ओळ कोड लिहिलेला नाही, तो उघड्या शीटवर बोट ठेवून म्हणू शकतो, "हा आकडा मला पटत नाही." चूक हुंगण्याची त्याची चाळीस वर्षांची ताकद तुमच्या पायथनच्या फाइलमध्ये वाया जाते. आपल्या पेशातून सिव्हिलवाल्यांना देण्यासारखं काही असेल तर ती आपली हत्यारं नव्हेत, शिस्त आहे. दुसऱ्याने वाचल्याशिवाय कोड पुढे जात नाही, कुठला बदल कुणी कधी केला याची नोंद राहते, आणि उत्तर माहीत असलेली उदाहरणं पुन्हा पुन्हा चालवून बघितली जातात. हे सगळं एक्सेलमध्ये करता येतं.

आणि कन्सल्टंट मंडळींनो, तुमचे आक्षेपही मला ठाऊक आहेत. पहिला, "शीट ही आमची मेहनत आहे, उघडी ठेवली तर कुणीही उचलेल." उचलू द्या. आतली सूत्रं भारतीय मानक ब्यूरोच्या संहितेतली आहेत, तुमच्या आजोबांची नाहीत. १९८० साली ब्यूरोच्या पूर्वसुरींनी, तेव्हाच्या भारतीय मानक संस्थेने, एसपी १६ हे तक्त्यांचं आणि आलेखांचं पुस्तक काढलं. पिढ्यांनी त्यावरून कॉलम डिझाइन केले. त्यात उत्तरांआधी गृहीतकं छापलेली आहेत, सूत्रं कशी आली ते दिलेलं आहे. त्या पुस्तकामुळे कुणाचा धंदा बसला नाही. तुम्हाला फी मिळते ती निर्णयाची, गुणाकाराची नाही. दुसरा आक्षेप, "उघडं ठेवलं आणि कुणाला चूक सापडली, तर अंगाशी येईल." चूक शीटमध्ये सापडली तर शरमेवर भागेल. इमारतीत सापडली तर भागणार नाही. तिसरा, "आपल्याकडे इमारती एक्सेलमुळे पडत नाहीत." कबूल. २०१३ साली मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसं गेली, तिथे सूत्राची चूक शोधत बसणं हा विनोद होईल. पण लबाडांनी गणिताला विचारलंच नाही, म्हणून प्रामाणिक माणसांनी गणित झाकून ठेवावं, हा कुठला न्याय?

शेवटी प्रश्न वेळेचा आहे. मुंबईत तीस वर्षं ओलांडलेल्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. ऑडिट करणाऱ्याला सगळ्यात आधी मूळ नकाशे आणि मूळ गणित हवं असतं. पण सोसायटीच्या कपाटात शेअर सर्टिफिकेटं, सभांची इतिवृत्तं आणि रंगकामाची कोटेशनं असतात, आणि गणिताचा पत्ता नसतो. मग काँक्रीटला भोकं पाडून, हातोडा आपटून, अंदाज बांधत इमारतीला तिचंच वय आणि ताकद विचारावी लागते. जुन्या इमारतींबाबत निदान कागद वाळवीने खाल्ला असं म्हणता येतं. आज बांधल्या जाणाऱ्या इमारती २०५५ साली ऑडिटला येतील, तेव्हा गणित असेल आणि उघडता येणार नाही. इमारत पन्नास वर्षं टिकावी म्हणून आपण काँक्रीटचं कव्हर मिलिमीटरमध्ये मोजतो. पासवर्डचं आयुष्य मात्र एका कर्मचाऱ्याच्या नोटीस पीरियडएवढं.

करायचं काय ते फार अवघड नाही. टाकायचे आकडे एका रंगात, एकाच जागी, एककांसकट. संहितेतून आलेला प्रत्येक स्थिरांक स्वतःच्या सेलमध्ये, शेजारी कलमाचा क्रमांक आणि संहितेचं वर्ष. 'डी१७ गुणिले एच४' असल्या सांकेतिक भाषेऐवजी सेलना नावं द्या, एक्सेलमध्ये ती सोय कित्येक वर्षांपासून आहे. २०१३पासून फॉर्म्युलाटेक्स्ट नावाचं फंक्शन आहे, ते एका सेलमधलं सूत्र दुसऱ्या सेलमध्ये जसंच्या तसं लिहून दाखवतं. छापील प्रतीत ते उत्तराशेजारी येऊ द्या. शीटच्या पहिल्या पानावर हाताने सोडवलेलं एक उदाहरण, आणि शीट त्याचं तेच उत्तर देते याची खूण. कुणी, कधी, काय बदललं याच्या चार ओळी. कुलूप हवं तर लावा, पण सूत्र दिसू द्या. आणि काम संपल्यावर नकाशांबरोबर ती फाइल सोसायटीच्या हवाली करा.

सोसायटीवाल्यांनीही ती मागून घ्यावी. फ्लॅट घेताना आपण टाइल्सचा ब्रँड विचारतो, नळाची कंपनी विचारतो, लिफ्ट कुणाची हे विचारतो. पुढच्या वेळी यादीत एक ओळ वाढवा. गणित समजलं नाही तरी चालेल, ज्याला समजतं अशा कुणाला तरी ते कधीतरी वाचता आलं पाहिजे. बिल्डर हसेल, कन्सल्टंट कपाळाला आठ्या घालेल. तरी मागा. ज्या शीटवर तुमचं घर उभं आहे, तिच्या सूत्रांवर तुमच्यापासून लपवण्यासारखं काही असता कामा नये, आणि असेल तर ते तुम्हाला आजच कळलेलं बरं.